प्राचीन बालशिक्षणाच्या पायऱ्या : संस्कार, ग्रंथ व शक्ति

(१)

मुलाच्या शिक्षणास आरंभ कोणत्या वर्षीं करावा, त्यास पुढच्या पायरीवर केव्हां चढवावें, आणि या पायऱ्या ठरविण्याचें माप कोणतें, हे प्रश्न आपल्या पूर्वजांनीं विचारांत घेतले होते, याविषयीं कोणास शंका नाहीं. परंतु उत्तर देतांना बहुधा एकच आंकडा पुढें करण्यांत येतो. आठव्या वर्षीं मुंज व मग गुरुगृहीं बारा वर्षें, इतकें सांगितलें म्हणजे प्राचीन शिक्षणक्रम सांगून झाला, असें पुष्कळांस वाटतें. उलटपक्षीं कांहीं लेखक आजच्या बालमानसशास्त्रांतील अवस्था जशाच्या तशा स्मृतिग्रंथांत पाहूं लागले आहेत. आम्हांस हीं दोन्ही मतें ग्राह्य वाटत नाहींत. मूळ ग्रंथ व लेख शेजारीं शेजारीं मांडून पाहिले असतां असें दिसतें कीं, या कामीं तीन निरनिराळीं मापें चालू होतीं : संस्काराचें वर्ष, ग्रंथांचा क्रम, आणि मुलाची शक्ति. हीं मापें कोठें जुळतात व कोठें एकमेकांपासून सुटतात, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम संस्काराचें माप घेऊं. मनुस्मृतींत चौल पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षीं सांगितलें असून उपनयन, गर्भापासून मोजून, ब्राह्मणाचें आठव्या, क्षत्रियाचें अकराव्या व वैश्याचें बाराव्या वर्षीं विहित आहे. ब्रह्मवर्चसाची इच्छा असल्यास ब्राह्मणाच्या मुलाचें उपनयन पांचव्या वर्षींहि करावें, असा विकल्प तेथेंच दिला आहे. आणि अखेरची मुदत म्हणून अनुक्रमें सोळा, बावीस व चोवीस हीं वर्षें घातलीं आहेत. म्हणजे एका ब्राह्मणपुत्राच्याच बाबतींत पांचपासून सोळापर्यंत अकरा वर्षांची मोकळीक राहते. छांदोग्योपनिषदांतील श्वेतकेतु बाराव्या वर्षीं गुरुकडे गेला व चोविसाव्या वर्षीं परत आला. तेव्हां 'आठ' हा आंकडा राजमार्गाचा होय, एकमेव मार्गाचा नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, उपनयन म्हणजे अक्षरओळख नव्हे. उपनयनानें वेदाध्ययनाचा अधिकार येई. अक्षरें त्यापूर्वींच गिरविलेलीं असत. याविषयीं तीन पुरावे परस्परांशीं उत्तम प्रकारें जुळतात.

पहिला कौटिलीय अर्थशास्त्राचा. हा ग्रंथ म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आलेल्या पोथीवरून आर. शामशास्त्री यांच्या दृष्टीस १९०५ सालीं पडला व १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या अधिकरणांत राजपुत्राचा शिक्षणक्रम असा दिला आहे : चौल झाल्यावर लिपि व संख्यान, उपनयन झाल्यावर त्रयी व आन्वीक्षिकी शिष्टांपासून, वार्ता त्या त्या खात्याच्या अध्यक्षांपासून, आणि दंडनीति सांगणाऱ्यांपासून व प्रत्यक्ष चालविणाऱ्यांपासून, सोळाव्या वर्षापर्यंत ब्रह्मचर्य, त्यानंतर गोदान व विवाह. दुसरा पुरावा कालिदासाचा. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत रघु चौलानंतर आपल्या वयाच्या अमात्यपुत्रांसह लिपि शिकतो व तिच्या द्वारें वाङ्मयांत शिरतो. उपनयन, विद्या, गोदान व विवाह हीं त्यापुढें त्याच क्रमानें येतात. तिसरा पुरावा भवभूतीचा. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकांत आत्रेयी सांगते कीं, वाल्मीकींनीं कुशलवांचें चौल करून त्रयी सोडून इतर विद्या त्यांस शिकविल्या, आणि गर्भापासून अकराव्या वर्षीं क्षत्रियकल्पानें उपनयन करून मग त्रयी पढविली.

राजनीतीवरचा ग्रंथ, महाकाव्य आणि नाटक हे तीन भिन्न जातींचे साक्षी एकच क्रम सांगतात, तेव्हां तो क्रम शिष्टजनांस परिचित असला पाहिजे. यांतून एक गोष्ट सहज निष्पन्न होते, पण तिच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलेलें नाहीं. चौल तिसऱ्या वर्षीं धरलें तर ब्राह्मणपुत्रास खालच्या पायरीवर पांच वर्षें मिळतात, क्षत्रियपुत्रास आठ व वैश्यपुत्रास नऊ. म्हणजे लिपि, गणित व लौकिक विद्या यांसाठीं सर्वांत अधिक अवकाश वैश्याच्या मुलास राही. ज्यास पुढें जमाखर्च व व्यवहार पाहावयाचा, त्याची खालची पायरी लांब असावी, हें सोयीचेंच होतें. हा हेतु मनांत धरून वर्षें ठरविलीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु परिणाम तसा होई, हें खरें.

अक्षरारंभासाठीं स्वतंत्र संस्कार गृह्यसूत्रांत व धर्मसूत्रांत सांपडत नाहीं. तो पुढें निबंधग्रंथांत येतो. बाराव्या शतकांत उत्तर कोंकणच्या शिलाहार राजा अपरादित्य यानें याज्ञवल्क्यस्मृतीवर जी टीका लिहिली, तींत व देवण्णभट्टाच्या स्मृतिचंद्रिकेंत मार्कंडेयपुराणाच्या नांवावर विद्यारंभाचा विधि उद्धृत केलेला आहे : मुलाचें पांचवें वर्ष, हरि निद्रिस्त नसेल असा कार्तिक शुद्ध द्वादशीनंतरचा काळ, आणि हरि, लक्ष्मी व सरस्वती यांचें पूजन. या विषयावरील वचनें म. म. पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) एकत्र केलीं आहेत. जें काम चौलाच्या पाठोपाठ सहज होत असे, त्यास स्वतःचें वर्ष, तिथि व देवता मिळाल्या, हा मधल्या शतकांतील फरक होय. ठाण्याच्या आसपास राज्य करणाऱ्या राजाच्या टीकेंत हा विधि यावा, ही महाराष्ट्राच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

(३)

आतां ग्रंथांच्या क्रमाचें माप. याविषयींची सर्वांत तपशीलवार साक्ष एका परदेशी भिक्षूची आहे. चिनी प्रवासी इत्सिंग हा इ. स. ६७१ त चीनमधून निघाला व ६९५ त परत पोंचला. मधलीं सुमारें दहा वर्षें तो नालंदेस होता. त्याच्या वृत्तान्ताचें इंग्रजी भाषांतर ताकाकुसू यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील शिक्षणाचा क्रम असा :

सहाव्या वर्षीं 'सिद्धम्' नांवाची अक्षरपोथी. एकूणपन्नास वर्ण, त्यांचीं जोडाक्षरें अठरा प्रकरणांत मांडलेलीं, ग्रंथ सुमारें तीनशें श्लोकांचा. मुदत सहा महिने. आठव्या वर्षीं पाणिनीचें सूत्र, सुमारें एक हजार श्लोकांएवढें. मुदत आठ महिने. त्यानंतर धातुपाठ. दहाव्या वर्षीं तीन 'खिल' ग्रंथ. मुदत तीन वर्षें. पंधराव्या वर्षीं जयादित्याची वृत्ति, जी काशिका होय असें सामान्यतः मानितात. अठरा हजार श्लोक, मुदत पांच वर्षें. त्यापुढें पतंजलीचें महाभाष्य, तें प्रौढांनीं तीन वर्षांत आटोपावें.

या याद्या नुसत्या वाचून सोडून देण्यासारख्या नाहींत. मुदती व ग्रंथमान एकत्र पाहावें. हजार श्लोकांच्या सूत्रास आठ महिने, तर त्याच्या अठरापट वृत्तीस पांच वर्षें, म्हणजे साठ महिने. केवळ पाठान्तराच्या वेगानें हिशेब केला तर वृत्तीस एकशें चव्वेचाळीस महिने, म्हणजे बारा वर्षें, लागावयास हवीं होतीं. तेव्हां वृत्ति पाठ करावयाची नसून समजून घ्यावयाची होती, हें उघड आहे. इत्सिंगाचे शब्दहि हेंच सुचवितात : सूत्र मुलें म्हणून दाखवितात असें तो लिहितो, आणि खिलांच्या व वृत्तीच्या संबंधांत मात्र 'समजतें' हा शब्द योजतो. आठव्या वर्षीं स्मरण, दहाव्यापासून स्मरण व अर्थ यांची सांगड, पंधराव्यापासून विवरण व शंकासमाधान, असा हा चढ आहे. लहान मुलांस रूपावलि शिकविण्याचा ज्यांस प्रसंग आला असेल, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. नऊ वर्षांचा मुलगा सातहि विभक्ति घडाघडा म्हणतो, पण अर्थ विचारतांच गोंधळतो. तोच मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षीं म्हणतांना अडखळतो, पण 'असें कां?' म्हणून विचारूं लागतो. आमचाहि अध्यापनांतील अनुभव याहून वेगळा नाहीं.

दुसरी गोष्ट वर्षांच्या बेरजेची. सूत्राचा आरंभ आठव्या वर्षीं व वृत्तीची समाप्ति विसाव्या वर्षीं. अंतर बरोबर बारा वर्षांचें. पंचतंत्राच्या कथामुखांत व्याकरणास बारा वर्षें लागतात अशी तक्रार आहे. कथासरित्सागरांतील सातवाहन राजाच्या गोष्टींतहि तोच बारा वर्षांचा आंकडा येतो. तेथें गुणाढ्य तें काम सहा वर्षांत करूं म्हणतो व शर्ववर्मा सहा महिन्यांत, आणि त्यांतून कातंत्र व्याकरण जन्मास येतें. बारा हा आंकडा कथेंतला असल्यामुळें तो अलंकारिक समजण्याकडे कल असतो. इत्सिंगाच्या तपशिलाशीं त्याचा मेळ बसतो, हें पाहतां तो प्रत्यक्ष पाठशाळांतील मुदतीवरून आला असावा, असा आमचा तर्क आहे.

वर्षें मोजण्याच्या रीतीबद्दल एक सूचना करणें जरूर आहे. चिनी लोक मूल जन्मतांच त्यास एक वर्षाचें धरितात. आपले स्मृतिकार पुष्कळदां गर्भापासून मोजतात. इत्सिंगानें आपल्या देशच्या रीतीनें मोजलें असेल तर त्याचें 'सहा' म्हणजे पुरीं पांच वर्षें, व 'आठ' म्हणजे पुरीं सात. बाणाच्या कादंबरींत चंद्रापीड सहाव्या वर्षीं विद्यामंदिरांत शिरतो व दहा वर्षें तेथें राहून सोळाव्या वर्षीं बाहेर पडतो. बाण व इत्सिंग एकाच शतकांतले. निबंधकारांचें पांचवें वर्ष व या दोघांचें सहावें यांतील अंतर मोजणीच्या रीतीनें जवळजवळ नाहींसें होतें. अशा आंकड्यांवरून मतभेद उभे करण्यापूर्वीं मोजमाप कोठून सुरू केलें, हें पाहिलें पाहिजे.

ग्रंथांचा क्रमहि सदैव एक नव्हता. पतंजलि महाभाष्याच्या पस्पशाह्निकांत सांगतो कीं, पूर्वकाळीं उपनयनानंतर ब्राह्मण प्रथम व्याकरण शिकत व मग त्यांस वैदिक शब्द शिकवीत. आतां तसें राहिलें नाहीं. मुलें घाईनें वेद पढून मोकळीं होतात व व्याकरणाचें प्रयोजन काय म्हणून बोलूं लागतात. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील ही तक्रार इत्सिंगाच्या यादीशेजारीं ठेविली म्हणजे दिसतें कीं, आठवें वर्ष कायम राहिलें, पण त्या वर्षीं हातीं द्यावयाचा ग्रंथ बदलत गेला. संस्काराचें वर्ष हें एक रिकामें पात्र होतें. त्यांत काय ओतावयाचें तें शाखा, पाठशाळा व काळ यांवर अवलंबून राही. म्हणून केवळ स्मृतींतील वर्षावरून शिक्षणाचा क्रम काढूं पाहणारांची फसगत होते.

(४)

तिसरें माप शक्तीचें. हें माप धर्मशास्त्रापेक्षां वैद्यकांत व विनयपिटकांत अधिक स्पष्ट दिसतें.

सुश्रुत सूत्रस्थानांत बाल्य सोळा वर्षांपर्यंत मानतो व त्याचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे आहारावरून तीन भाग पाडतो; विसापर्यंत वृद्धि व तिसापर्यंत यौवन. चरक विमानस्थानांत सोळापर्यंत धातु अपरिपक्व असतात असें म्हणून पुढें तिसापर्यंत ते वाढत असतात व मन बहुधा अस्थिर असतें, अशी पुस्ती जोडतो. शिक्षणाविषयीं सुश्रुताचें शारीरस्थानांतील सांगणें फार मार्मिक आहे : मूल शक्तिमान् झालें असें जाणून मग त्यास त्याच्या वर्णास योग्य ती विद्या द्यावी. येथें वर्षाचा आंकडा नाहीं. पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर भिस्त आहे. आणि आतां पाहावें कीं, वैद्यकांतील सोळा हें वर्ष कौटिल्याच्या ब्रह्मचर्याच्या अखेरीस, चंद्रापीडाच्या सुटकेस व मनूच्या ब्राह्मणकेशान्तास येऊन मिळतें. शिक्षणाच्या आरंभाचीं वर्षें ग्रंथागणिक हालतात. शेवटचें सोळावें मात्र निरनिराळ्या शास्त्रांत एका ठिकाणीं स्थिर राहतें. कारण तें शरीरावरून दिसतें.

महावग्गांतील उपालि नांवाच्या मुलाची कथा तर या विषयावरचा अमोल पुरावा आहे. राजगृहाचें एक जोडपें आपल्या पश्चात् मुलाचें कसें चालेल म्हणून विचार करतें. लेखा शिकविली तर बोटें दुखतील, गणना शिकविली तर छाती दुखेल, रूप शिकविलें तर डोळे दुखतील. त्यापेक्षां भिक्षु झालेला बरा. उपालि व त्याचे सोबती मिळून सतरा मुलें संघांत जातात, आणि पहांटेच्या प्रहरीं पेजेसाठीं व भातासाठीं रडूं लागतात. तें ऐकून बुद्धानें नियम केला कीं, विसांच्या आंतील मनुष्यास उपसंपदा देऊं नये, कारण त्याच्यानें थंडी, ऊन, भूक, तहान व डांस सोसवत नाहींत. पुढें प्रव्रज्येस पंधरा वर्षांची मर्यादा आली. पण आईबाप मेलेलीं दोन पोरकीं मुलें पुढें येतांच अपवाद झाला कीं, जो मुलगा कावळे हांकलूं शकतो त्यास पंधराच्या आंतहि घ्यावें. नियम कसे बनत हें येथें उघड्या डोळ्यांनीं दिसतें : आधीं रडणारें मूल, मग वर्षाचा आंकडा, आणि आंकडा निष्ठुर ठरतांच पुनः शक्तीचें माप.

याच कथेंतील लेखा, गणना व रूप हे तीन विषय ओरिसांतील उदयगिरीवरच्या हाथीगुंफा लेखांत खारवेलाच्या शिक्षणांत आले आहेत. परंतु तेथें पंधरा वर्षें कुमारक्रीडा व त्यानंतर लेख, रूप, गणना, व्यवहार व विधि यांत प्रावीण्य, मग नऊ वर्षें यौवराज्य व चोवीस वर्षें पुरीं होतांच अभिषेक, असा क्रम आहे. पंधराव्या वर्षापर्यंत राजपुत्र निरक्षर राहिला असा अर्थ करणें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. व्यवहार व विधि यांच्या पंक्तीस बसलेला लेख म्हणजे राजशासनें व पत्रव्यवहार, आणि गणना म्हणजे कोशाचा हिशेब, असें घेतलें म्हणजे विरोध राहत नाहीं. एकच शब्द दोन पायऱ्यांवर दोन अर्थांनीं चालतो. कौटिल्याचा लेखकहि शासनें लिहिणारा अधिकारीच आहे.

(५)

येथवर जी मांडणी झाली ती पाहून प्राचीनांची योजना सर्वांगसुंदर होती असें कोणास वाटेल, तर तसें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. संस्काराचें माप जन्मावर बसविलेलें होतें. मनूच्या मतें स्त्रियांस विवाह हेंच उपनयन; शूद्रास तें मुळींच नाहीं. ज्यांस उपनयन नाहीं त्यांच्यासाठीं वेदाकडे जाणारी शिडी पहिल्या पायरीवरच तुटलेली होती. पद्धतीच्या अंगींहि दोष होते. मनु एकीकडे शिष्यांस मधुर वाणीनें व हिंसा न करितां शिकवावें म्हणतो, दुसरीकडे दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें पाठीवर मारण्यास परवानगी देतो. आणि पतंजलीच्या काळीं उदात्ताच्या जागीं अनुदात्त म्हणणाऱ्या मुलास उपाध्याय चपराक लगावी.

तरी शक्तीचें माप या सर्वांतून डोकें वर काढितें. आत्रेयीचेंच उदाहरण घ्या. ती वाल्मीकींचा आश्रम सोडून दंडकारण्यांत कां आली? कुशलवांच्या बुद्धीपुढें तिचा टिकाव लागेना म्हणून. गुरु सर्वांस सारखीच विद्या देतो, पण घेणाऱ्याच्या ठायीं ती सारखी उमटत नाहीं, हें ती स्वतः सांगते. नाटकांतील हा प्रसंग इतिहास नव्हे. तथापि एक स्त्री पाठांत मागें पडल्याचें दुःख करण्याऐवजीं आपल्यास योग्य असा दुसरा गुरु शोधीत निघाली, ही कल्पना विदर्भाशीं संबंध सांगणाऱ्या या कवीस व त्याच्या श्रोत्यांस अशक्य वाटली नाहीं. मनुस्मृतींतच आंगिरस कवि नांवाच्या मुलाची कथा आहे. तो आपल्या वडील मंडळीस शिकवितांना 'मुलांनो' म्हणतो व देव त्याचाच पक्ष खरा ठरवितात. ज्या ग्रंथानें वर्षांचे आंकडे घालून दिले, त्यानेंच ज्ञानाच्या बाबतींत वयाचा मान काढून घेतला आहे.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा : संस्कारानें पायरीचें दार ठरविलें, ग्रंथक्रमानें पायरीची उंची ठरविली, आणि चढणाऱ्याचे पाय पाहण्याचें काम वैद्य, विनयधर व चांगला गुरु यांच्याकडे राहिलें. या तिहींतून एकच माप उचलून त्यास 'प्राचीन पद्धति' म्हणणें योग्य नाहीं.

(६)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मराठींत कोणत्याहि कामाच्या आरंभास आपण 'ओनामा' म्हणतों. 'ॐ नमः सिद्धम्' या नमनाचें पोरांच्या तोंडीं 'ओनामासीधं' झालें व त्याचाच हा अवशेष. इत्सिंगाच्या पूर्वीं भारतांत आलेला ह्युएनत्संगहि मुलांचा आरंभ 'सिद्धम्'च्या बारा प्रकरणांनीं होतो असें लिहितो. म्हणजे सातव्या शतकांतील पहिलें पुस्तक आपल्या बोलीच्या एका शब्दांत अजून जिवंत आहे. तें पुस्तक जसेंच्या तसें आपल्या हातीं कां नाहीं, याचें कारण साधें आहे. मुलें धुळपाटीवर गिरवीत. संध्याकाळीं धूळ पुसली कीं दिवसाचें शिक्षण पुसलें जाई. कागदावर जें उतरे तें उजळणी, पाढे व कित्ते यांपुरतें; आणि तीं पानें फाटकीं, अशुद्ध व ग्रंथनामरहित असल्यामुळें बाड लावतांना प्रथम तींच बाजूस पडतात. भाष्याची तिसावी प्रत जपून ठेवावयाची आणि पोराच्या हातचा ओबडधोबड 'श्री' रद्दींत टाकावयाचा, असें आजवर होत आलें आहे. वरील तिन्ही मापांपैकीं पहिलीं दोन ग्रंथांत सांपडतात. तिसरें, म्हणजे कोणत्या वयाचा हात कोठवर वळत असे, तें या टाकाऊ पानांवरच उमटलेलें आहे. ज्यांच्या दप्तरांत अशीं पानें निघतील त्यांनीं तीं फेकूं नयेत. कोणत्या गांवच्या, कोणत्या घराण्याच्या बाडांत व कोणत्या पोथीच्या पाठीवर तीं निघालीं याची टीप करून ठेवावी. बालशिक्षणाचा खरा इतिहास लिहावयाचा तर त्याचा ओनामा तेथूनच होईल.